मातीचे शेततळे गळू नये म्हणून: पहिल्यांदाच तळे करणाऱ्यांसाठी

आमचे पहिले शेततळे ऑगस्टात तुडुंब भरले आणि दिवाळीच्या आत त्याचा तळ दिसला. पाणी कुठे गेले ते थंडीत कळले. बांधापासून चाळीसेक पावलांवर, खालच्या वावरात, हरभऱ्याच्या दोन सऱ्या पिवळ्या पडल्या होत्या आणि त्याच जागी लव्हाळा हिरवागार उठला होता. टाचेने उकरले तर बोटभर खाली चिखल. आमचे पाणी तिथे जिरत होते.

चूक कुठे झाली ते शोधायला मी ते तळे उन्हाळ्यात जेसीबीने बांधापाशी कापून पाहिले. बाहेरून बांध चांगला उंच आणि गुळगुळीत होता, पण आत नुसती ढेकळे होती. ढेकळांच्या मधल्या पोकळ्यांत हाताचे बोट सहज जात होते. खोदाई मे महिन्यात झाली होती, माती वाळून दगड झालेली, आणि मशीनने ती जशी निघाली तशी काठावर रचली होती. त्यानंतर मी स्वतःची दोन आणि भाऊबंदांची पाच-सहा तळी उभे राहून करून घेतली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: तळे खोदल्याने होत नाही, माती ओली करून दाबल्याने होते. खोदाईवर जेवढा पैसा आणि वेळ लावाल, त्याच्या निम्मा तरी ओलाव्यासाठी आणि दबाईसाठी राखून ठेवा.

आधी जागा, मग बाकी सगळे

प्रत्येक जागेवर मातीचे तळे धरत नाही, हे आधी मान्य करावे लागते. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम असतो. काळी माती कुठे दहा-बारा फूट असते, कुठे दोनच फूट. तीन मीटर खोलीच्या तळ्याचा तळ मुरमात गेला की पाणी त्याच वाटेने निघते. कोकणात जांभ्यावर तर पाणी चाळणीतून जावे तसे जाते. अशा ठिकाणी एक तर 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद टाकावा, नाहीतर बाहेरून चिकण माती आणून जाड थर द्यावा. दोन्हींची तयारी नसेल तर जागा बदलावी.

जागा पाहायची सोपी रीत अशी. जिथे तळे करायचे तिथे कमरेएवढा खोल खड्डा घ्या, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक, दोन तरी घ्याच. सकाळी काठोकाठ पाणी भरा. संध्याकाळपर्यंत थोडे पाणी जिरेल, कारण कोरडी माती आधी पिऊन घेते. ते पुन्हा काठोकाठ भरा आणि वर पालापाचोळा किंवा गोणपाट झाका, म्हणजे वाफ होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक पाणी जागेवर असेल तर माती धरणारी आहे. खड्डा रिकामा झाला असेल तर त्या जमिनीने स्वतःच उत्तर दिले आहे.

यानंतर जेसीबीने तळ्याच्या पूर्ण खोलीच्याही अर्धा मीटर खाली एक चाचणी खड्डा घ्या आणि त्याची भिंत नीट पाहा. मध्येच वाळूचा किंवा गोट्यांचा पट्टा, चुनखडीचा थर किंवा उभी भेग दिसली तर तिची खोली वहीत लिहून ठेवा. पुढे नेमके तिथेच जास्त काम करावे लागणार आहे. जुनी विहीर बुजवलेली जागा, वारुळाची जागा आणि मोठे झाड तोडलेली जागा टाळा.

मातीची परीक्षा हातानेच होते

मुठीत माती घ्या, खडे काढा, पाणी टाकत कणकेसारखी मळा. तिचा लिंबाएवढा गोळा हातभर वर उडवून झेला. गोळा फुटला तर वाळू जास्त. टिकला तर अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढा. दोन इंच लांब पट्टी न तुटता लोंबत राहिली तर ती माती तळ्याच्या कामाची.

थोडी खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी घालून पाच मिनिटे हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा तास-दोन तासांत बसतो, चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत बसत राहते. एकूण थरात चिकण मातीचा निदान पाचवा हिस्सा हवा, चौथा असेल तर उत्तम.

तिसरी परीक्षा फारसे कोणी करत नाही, आणि चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीच्या पट्ट्यात ती सगळ्यात महत्त्वाची आहे. हरभऱ्याएवढा कोरडा खडा पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. पाणी पावसाचे घ्या किंवा बॅटरीत घालायचे घ्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे ही परीक्षा फसते. खडा विरघळून नुसता ढीग झाला तर चालेल. पण खड्याभोवती दुधासारखा ढग पसरत गेला, तर ती माती पाण्यात सुटी होऊन वाहते. अशा मातीच्या बांधात सुतळीएवढी वाट मिळाली तरी पाणी आठ दिवसांत तिचे भगदाड करते. ही माती बांधात वापरू नका.

काम कधी काढायचे

सगळीकडे मे महिन्यात मशीन मिळते म्हणून मे महिन्यात काम होते. माझे मत याच्या उलट आहे. रब्बी काढल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वरचा हातभर सोडला की खाली ओल असते. ती ओल फुकट आहे. मे महिन्यात तेवढीच ओल टँकरने आणावी लागते, आणि तेव्हा गावात प्यायलाही टँकर येत असतो. मग पाणी मारणे टळते आणि तळे गळते.

आखणी आणि पायाचा चर

नेहमीचे माप घेऊ: वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. बाजूंना 1 उभे ते दीड आडवे असा उतार दिला तर तळ 21 बाय 21 मीटर येतो आणि सुमारे 1,970 घनमीटर, म्हणजे जवळपास वीस लाख लिटर पाणी बसते. जास्त पाणी बसावे म्हणून उतार उभा करण्याचा मोह होतो. करू नका. उभ्या बाजूवर दबाई होत नाही, आणि पाणी उतरताना ओली काळी माती घसरून खाली येते. हलकी जमीन असेल तर उतार दोनाला नेलेला बरा.

फक्कीने आखणी झाली की बांध येणार तिथली वरची वीतभर माती खरवडून बाजूला काढा. तिच्यात मुळ्या, कुंदा, हरळी आणि काडीकचरा असतो. ही माती बांधाखाली राहिली तर मुळ्या कुजतात आणि जुनी जमीन व नवा भराव यांच्या मध्ये पाण्याला आयती वाट मिळते. ही काढलेली माती टाकून देऊ नका, शेवटी बांधाच्या बाहेरच्या अंगाला गवत लावायला लागेल.

आता पायाचा चर. बांधाच्या मधोमध, बांधाच्या पूर्ण लांबीत, निदान अडीच-तीन फूट रुंद चर घ्यायचा आणि तो घट्ट, न पाझरणाऱ्या थरात अर्धा फूट तरी उतरवायचा. त्यात चांगली काळी चिकण माती ओली करून थराथराने दाबत वर यायचे, आणि हाच काळ्या मातीचा गाभा पुढे बांधाच्या पोटातून वर न्यायचा. पाझर तलावांच्या कामावर याला हार्टिंग म्हणतात आणि दोन्ही बाजूंच्या मुरमाड भरावाला केसिंग. शेततळ्यात बहुतेक पाणी जमिनीच्या खाली असते, म्हणून पुष्कळजण चर टाळतात. पण पाणी जमिनीच्या वर हातभर जरी चढणार असेल तरी चर घ्याच. आमच्या पहिल्या तळ्याला तो नव्हता.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मालगुजारी तलाव पाहिले आहेत का? कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेल्या त्या मातीच्या पाळी पिढ्यान्‌पिढ्या पाणी धरून आहेत. नवेगाव बांधचा तलाव त्यातलाच. त्या काळी ना पोकलेन होती ना प्लॅस्टिक. चांगल्या दाबलेल्या मातीवर विश्वास ठेवायला एवढे उदाहरण मला पुरते.

माती वेगळी करत खोदा

मशीनवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, काळ्या मातीचा ढीग वेगळा, मुरमाचा वेगळा, दगडाचा तिसरा. काळी माती आतल्या अंगाला आणि गाभ्याला, मुरूम बाहेरच्या अंगाला, दगड पाणी येण्याच्या तोंडाशी. एकदा सगळे मिसळले की निवडता येत नाही. त्यासाठी एक माणूस दिवसभर मशीनपाशी उभा हवा, आणि तो घरचाच हवा.

चाचणी खड्ड्यात तळाशी मुरूम दिसला असेल तर अंगाला आणि तळाला एक फूट जास्त खोदून ठेवा, कारण तेवढा चिकण मातीचा थर नंतर आत चढणार आहे. तीन मीटर पाण्यासाठी दाबलेला थर फूटभर तरी हवा. हिशेब काढला तर वरच्या मापाच्या तळ्याचे आतले अंग जवळपास हजार चौरस मीटर भरते. म्हणजे दाबलेली माती 300 घनमीटर, सुमारे 106 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून आणताना 135-140 ब्रास धरा. एवढी चिकण माती वावरात नसेल तर गावतळ्याचा गाळ पाहा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना सुरू झाल्यापासून गाळ उचलणे लोकांच्या सवयीचे झाले आहे. फक्त आणण्याआधी गोळ्याची परीक्षा तिथेच करा. धरणाच्या तोंडाकडचा गाळ रेताड असतो, भिंतीकडचा चिकण.

ओलावा आणि दबाई

इथे घाई करू नका. सगळे तळे इथेच ठरते.

ढेकूळ लिंबापेक्षा मोठे राहता कामा नये. रोटाव्हेटर किंवा कुळव फिरवून फोडा. मग पाणी मारा आणि रात्रभर मुरू द्या. लगेच रोलर घातला तर वरचा पापुद्रा चिकटतो आणि आत कोरडे राहते. सकाळी मूठभर माती आवळा. गोळा झाला, बोटांचे ठसे उमटले, पण तळवा ओला झाला नाही, तर ओल बरोबर. गोळा हातातच भुगा झाला तर पाणी कमी. मुठीतून पाणी आले, माती चाकाला चिकटू लागली तर जास्त, आणि तेव्हा दोन दिवस थांबण्याशिवाय इलाज नाही.

सुटा थर वीतभरापेक्षा, म्हणजे 20 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. तो दाबून झाला की पंधराच्या आसपास बसतो. दाबायला पायांचा रोलर, ज्याला शीपफूट म्हणतात, तो सगळ्यात चांगला, कारण तो थराच्या पोटात दाबतो. नसेल तर भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चालतो, पण दर फेरीला चाकोरी सरकवत न्यावी लागते. आठ-दहा फेऱ्या घ्या. पोकलेन वरून फिरवली म्हणजे दबाई झाली असे कोणी सांगितले तर ऐकू नका. तिचे वजन रुंद साखळीवर पसरलेले असते, त्यामुळे जमिनीवर दाब थोडाच पडतो. बकेटने वरून थापटल्याने पृष्ठभाग चमकतो, आतली ढेकळे तशीच राहतात.

एक थर झाला की त्याच्यावर पंजा किंवा कुळव हलकासा ओढून तो खरबडीत करा, पाणी शिंपडा, मगच दुसरा थर. गुळगुळीत थरावर नवा थर चिकटत नाही, आणि दोन थरांच्या मधल्या त्या सपाट रेषेतून पाणी आडवे निघते. मशीन पोचत नाही अशा कोपऱ्यांत आणि पाईपच्या भोवती धुमसाने कुटा, तिथे थर चार बोटांचाच घ्या. झालेले काम तपासायला 12 मिलिमीटरची सळई हाताने दाबून पाहा. अंगाचा भार दिल्यावरही ती दोन-तीन इंचांवर अडली पाहिजे.

बांध बसणार हे धरून चाला. एक मीटर हवा असेल तर एक मीटर दहा सेंटिमीटर करा. कितीही दाबला तरी पहिल्या पावसात थोडा बसतोच.

तळाची चिखलणी

भाताच्या खाचरात पाणी का थांबते? चिखलणीमुळे. बैल आणि औत चिखलात फिरून मातीचे कण सुटे करतात, ते बारीक कण खाली बसून भोके बुजवतात आणि वर्षानुवर्षे एकाच खोलीवर पाय पडून खाली घट्ट तवा तयार होतो. तळ्याच्या तळाला हेच करता येते. दबाई झाल्यावर तळात चार बोटे पाणी सोडा, केजव्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाके, लावलेला ट्रॅक्टर किंवा म्हशी आडव्या-उभ्या फिरवा आणि चिखल बसू द्या. गोठ्यातल्या शेणाचा काला या चिखलात मिसळला तर आणखी चांगले, तो कुजताना मातीची छिद्रे बुजतात. पूर्वी गावतळ्यात म्हशी रोज डुंबायच्या, त्याने तळ आपोआप मळला जायचा.

चिकण माती कमीच पडत असेल तर बेंटोनाइट हा पर्याय आहे. ही फुगणारी माती कच्छ आणि बाडमेरकडून येते. सोडियम जातीचे बेंटोनाइट मागा, ते जास्त फुगते. मातीनुसार चौरस मीटरला 5 ते 15 किलो लागते, म्हणजे दहा किलो धरले तरी आपल्या तळ्याला दहा टन. नुसते पाण्यावर शिंपडून फार उपयोग नाही. कोरड्या तळ्यात चार बोटे मातीत एकसारखे मिसळून, ओले करून दाबायचे. खर्च मोठा आहे, म्हणून आधी बादलीला खाली भोके पाडून, त्यात तोच मिसळलेला थर दाबून, वर पाणी ठेवून पाहा.

पाईप आणि सांडवा

बांधातून आरपार पाईप घालू नका, हा माझा आग्रह आहे. पाणी काढायला इंजिन, मोटर किंवा वरून सायफन वापरा. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत अंगाला माती चिकटत नाही, आणि पाईपच्या पोटाखाली धुमस पोचत नाही. पाणी नेमके तिथून सरकते. घालावाच लागला तर त्याच्यावर मध्ये दोन ठिकाणी काँक्रीटची किंवा पत्र्याची चौकोनी गळपट्टी बसवा, पाईपपेक्षा चहूबाजूंनी हातभर मोठी, आणि भोवती काळी माती हाताने कुटा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, भरावातून काढायचा नाही, बाजूच्या न खोदलेल्या मूळ जमिनीतून काढायचा. पाणी सांडव्याला लागेल तेव्हा बांधाचा माथा त्याच्या दीड-दोन फूट वर राहिला पाहिजे. पाणी आत येते तिथे अंगावर दगडाची पिचिंग करा आणि आधी गाळ बसायला एक छोटा खड्डा ठेवा. बारीक गाळ आत आला तर तळ बुजायला मदतच होते, पण जोराचे पाणी दाबलेला थर उकरून नेते.

काळ्या मातीचे दुखणे

काळी माती ओली असताना फुगून पाणी अडवते, आणि तीच वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या वर्षी न गळलेले तळे दुसऱ्या वर्षी गळते ते यामुळे. मे महिन्यात तळ उघडा पडतो, भेगा थराच्या आरपार जातात, आणि जूनचा पहिला लोंढा त्या भेगांतून मुरमात उतरतो. काही भेगा फुगून मिटतात, पण ज्यांत वाळू-मुरूम वाहून पडतो त्या मिटत नाहीत.

उपाय दोन. थर दाबून झाल्यावर त्यावर वीतभर मुरूम पसरून दाबा, त्याने खालच्या मातीला ऊन लागत नाही. आणि उन्हाळ्यात शेवटचे गुडघाभर पाणी काढू नका. दुष्काळात ते जमत नाही, हे मला ठाऊक आहे. मग रोहिणीच्या आधी तळाला कुळव मारून भेगांचे तोंड मोडा, बारीक माती भरा, पाणी शिंपडा आणि पुन्हा दाबून घ्या.

पहिले पाणी

शक्य असेल तर एकदम भरू नका. मीटरभर पाणी येऊ द्या, आठ दिवस थांबा, बांधाच्या बाहेरून पायथ्याने रोज एक फेरी मारा. ओला डाग, मऊ जमीन, लव्हाळा, मुंग्यांचे अचानक वर येणे, यांवर लक्ष ठेवा. बाहेर येणारे पाणी निवळ असेल तर वेळ आहे. गढूळ येत असेल तर आतली माती वाहते आहे, तेव्हा वाट न पाहता मोटर लावून पातळी उतरवा. आणि भरण्याआधी कुंपण घाला, चारी बाजूंनी आतपर्यंत गाठी मारलेले दोर सोडा. ओल्या काळ्या मातीच्या उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

पातळी उतरते ती वाफेने की गळतीने, हे असे ओळखा. काठाजवळ उथळ पाण्यात दगड ठेवून बादली उभी करा, आत-बाहेर पाणी एकाच पातळीवर ठेवा आणि दोन्हीकडे खुणा करा. या दिवसांत तळ्यात पाणी सोडू नका की काढू नका. पाच दिवसांनी बादलीत जेवढे उतरले ती वाफ. तळ्यात त्याहून जास्त उतरले ती गळती. दाबलेल्या चिकण मातीत दिवसाला दोन-चार मिलिमीटर जिरणे चालते. पूर्ण भरलेल्या आपल्या तळ्यात एक मिलिमीटर म्हणजे 900 लिटर. दहा मिलिमीटर गळती असेल तर रोजचे 9,000 लिटर जाते, आणि ते दुरुस्त केलेच पाहिजे.

गळतीची जागा पातळीच सांगते. खुणांची काठी आत उभी करून रोज आकडा लिहा. पाणी भराभर उतरता उतरता एखाद्या उंचीवर येऊन थांबले, तर भोक त्याच उंचीच्या जरा वर आहे, तळात नाही. त्या रेषेने काठाकाठाने चाला. खेकड्याचे किंवा घुशीचे बीळ, कुजलेली मुळी, पाईपचे तोंड, दोन थरांचा सांधा, यांपैकी काहीतरी सापडते. वारा पडलेला असताना पाण्यावर मूठभर भुसा टाकला तर तो हळूहळू जिथे गोळा होतो तिथे पाहा. सापडलेले भोक वरून चिखल थापून बुजत नाही. हातभर रुंद चर खणून, भोकाच्या शेवटापर्यंत जाऊन, काळी माती थराथराने कुटत परत यायचे.

बांधावर बाभूळ, निंब, सुबाभूळ लावू नका, उगवली तर रोप असतानाच उपटा. हरळी लावा. पहिल्या वर्षी दर आठवड्याचा काठीवरचा आकडा आणि बांधाच्या फेरीत दिसलेले जे काही असेल ते वहीत लिहा. आमच्या तिसऱ्या तळ्याच्या वहीत डिसेंबरच्या एका पानावर लिहिले आहे, ईशान्य कोपरा, पायथ्याला वीतभर ओल. त्याच आठवड्यात तिथे खणले, एका खेकड्याचे बीळ निघाले, दोन माणसांच्या अर्ध्या दिवसाच्या कुटाईत ते बुजले, आणि त्या वर्षी मार्चपर्यंत कांद्याला पाणी मिळाले.